गाडीचे कंपनी स्पीकर बदलायचेत? आधी दार उघडून बघा

आवाज जरा वाढवला की ढोलकीचा घुमारा नाहीसा होतो, टाळ कानात टोचतात आणि दाराचं प्लॅस्टिक खडखडायला लागतं. दहा-बारा लाखांच्या आतल्या बहुतेक गाड्यांची ही रड आहे. कंपनीला प्रत्येक दारामागे वजन आणि पैसे वाचवायचे असतात, त्यामुळे पातळ कागदी कोन (हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा), लहानसं मॅग्नेट आणि प्लॅस्टिकची चौकट असलेला स्पीकर चार स्क्रूंवर लटकवून दिलेला असतो. तो बदलला की फरक पडतोच. पण दुकानात शिरलेला नवखा माणूस बहुतेक वेळा चुकीच्या क्रमाने पैसे घालवतो: आधी डेक (डॅशबोर्डमधली म्युझिक सिस्टीम), मग मागचे मोठे ओव्हल स्पीकर, मग सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा, बासचा स्पीकर). पुढच्या दाराकडे कोणी बघत नाही, आणि खरा आवाज तिथूनच यायचा असतो.

पुढचा क्रम माझ्या गाडीवर आणि मग नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या गाड्यांवर करून पाहिलेला आहे.

१. आधी फुकटचं करून पाहा

डेकच्या सेटिंगमध्ये जा. बास आणि ट्रेबल शून्यावर आणा, 'लाउडनेस'सारखं काही चालू असेल तर बंद करा, फेडर (आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरांत वाटणारी सेटिंग) एक-दोन घरं पुढे सरकवा. कोणीतरी, बहुधा डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमच्या पोराने, बास टोकाला नेऊन ठेवलेला असतो. लहान स्पीकरला तो झेपत नाही आणि सगळाच आवाज फाटतो.

मग गाण्याची फाइल तपासा. कुठल्या तरी व्हिडिओवरून उतरवलेली १२८ केबीपीएसची एमपीथ्री पेनड्राइव्हवर असेल, तर स्पीकर कितीही भारी लावा, ती तशीच वाजणार. स्ट्रीमिंग अॅपमध्ये मोबाइल डेटासाठी गुणवत्ता 'लो' किंवा 'ऑटो' ठेवलेली असते, ती सर्वांत वरच्या पायरीवर न्या. ब्लूटूथऐवजी केबल लावूनही एकदा ऐका.

एवढ्यावर समाधान झालं तर लेख इथेच सोडा, पैसे वाचले.

२. आपल्या गाडीत काय आहे ते ओळखा

मापं साधारण ठरलेली असतात. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्हींच्या पुढच्या दारात ६.५ इंची स्पीकर बसतो, काही जुन्या आणि लहान गाड्यांत ४ किंवा ५ इंची. सेडानच्या मागच्या ट्रेवर ६×९ चे ओव्हल. पण माप म्हणजे फक्त व्यास नाही. स्पीकरची खोलीही महत्त्वाची, कारण त्याच्या मागे काच खाली येते. मॅग्नेट दोन-चार मिलिमीटर जास्त बाहेर आलं की काच त्यावर आपटते.

खालच्या मॉडेलमध्ये कधी फक्त पुढचे दोन स्पीकर असतात, कधी एकही नसतो. तरी वायरिंग आधीच टाकलेलं असू शकतं. वरच्या मॉडेलमध्ये आरशाजवळच्या तिकोनी प्लॅस्टिकमध्ये किंवा डॅशबोर्डवर ट्विटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, असतो. तुमच्याकडे ट्विटर आहे की नाही हे आधी बघून ठेवा, त्यावर पुढची खरेदी ठरते.

गाडीवर नामांकित ऑडिओ कंपनीचा बिल्ला असेल (बोस, हरमन वगैरे) तर थांबा. अशा सिस्टीममध्ये बहुधा वेगळा अँप्लिफायर (अँप, आवाजाची ताकद वाढवणारं यंत्र) असतो, स्पीकर दोन ओहमचेही (ओहम हे विजेच्या रोधाचं माप) असू शकतात आणि आवाजाची घडण त्या स्पीकरांना धरूनच केलेली असते. त्यातला एक बदलून चालत नाही. ते काम अनुभवी माणसाकडे द्या.

३. पैशांचा क्रम

माझं मत स्पष्ट आहे. पहिला पैसा पुढच्या दोन दारांच्या डॅम्पिंगवर (पत्र्याला शीट चिकटवून त्याची थरथर आणि भोकं बंद करणं), दुसरा पुढच्या स्पीकरांवर, तिसरा छोट्या अँपवर, चौथा सीटखाली मावणाऱ्या सबवूफरवर. मागच्या दारांना शेवटी काही उरलं तर. तुम्ही आणि शेजारी बसलेली व्यक्ती पुढे बसता, मागून येणारा आवाज फक्त भर घालतो. मागे आहे ते राहू द्या.

दुकानदार नेमका उलटा क्रम सांगेल. त्याला दोष देऊ नका, डॅम्पिंगमध्ये मेहनत जास्त आणि दाखवायला काही नाही. नवा मोठा स्क्रीन मात्र लगेच दिसतो.

हॅचबॅकच्या मागच्या पातळ ट्रेवर जड ओव्हल बसवून घेणाऱ्यांना एक सांगणं आहे. तो ट्रे दोन खाचांत नुसता टेकवलेला असतो. जोरात ब्रेक लागला किंवा धडक बसली तर दोन किलोंचे स्पीकर ट्रेसकट मागे बसलेल्यांच्या डोक्यावर येतात. हॅचबॅकमध्ये हे करूच नका.

४. स्पीकर निवडताना कुठले आकडे बघायचे

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा निरुपयोगी असतो. '३५० वॅट' हा क्षणभराचा कमाल आकडा. तुम्हाला हवा आहे आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत किती पेलतो तो. तो मागच्या बाजूला बारीक अक्षरात सापडेल, ३० ते ६० च्या आसपास.

डेकवरच्या '५० वॅट × ४' ची गंमत अशी. गाडी चालू असताना बॅटरीचं व्होल्टेज साधारण १४.४ असतं. १४.४ चा वर्ग भागिले ४ ओहम, उत्तर येतं जवळपास ५२. चौकोनी लहर, शंभर टक्के फाटलेला आवाज गृहीत धरला तरच हा आकडा निघतो. स्वच्छ आवाजात त्याच डेकमधून एका चॅनलला पंधरा ते वीस-बावीस वॅट मिळतात. कंपनीच्या डेकचंही तेच.

म्हणून डेकवरच चालवायचे असतील तर सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते. हा डेसिबलमधला आकडा ८७ असेल आणि दुसऱ्या स्पीकरचा ९०, तर तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला दुप्पट वॅट लागतात. महागडा, जड, ८६ डेसिबलचा स्पीकर वीस वॅटच्या डेकवर मरगळलेला वाटतो, आणि माणूस म्हणतो, 'एवढे पैसे घालून काय उपयोग!' अँप लावणार नसाल तर ९० किंवा त्याहून जास्त सेन्सिटिव्हिटीचा घ्या. इम्पीडन्स (स्पीकरचा रोध) चार ओहमच हवा, दोन ओहमचा डेकला तापवतो.

कोअॅक्सिअल की कंपोनंट? कोअॅक्सिअलमध्ये ट्विटर मोठ्या कोनच्या मधोमध बसवलेला असतो, लावायला सोपा, स्वस्त. कंपोनंटमध्ये ट्विटर आणि क्रॉसओव्हर (बारीक सूर ट्विटरला आणि बाकीचे मोठ्या स्पीकरला वाटून देणारा भाग) वेगळे. दारातला स्पीकर पोटरीच्या उंचीवर असतो, तिथून टाळ-झांज, सतारीची तार कानापर्यंत धड पोचत नाही. ट्विटर वर आला की गायक पायापाशी नाही तर समोर गातोय असं वाटतं. तुमच्या गाडीत ट्विटरची जागा आधीच असेल तर कंपोनंट घ्या. नसेल आणि पिलरला (पुढच्या काचेलगतच्या खांबाला) भोकं पाडायची नसतील तर कोअॅक्सिअल ठीक.

एक सापळा इथे आहे. दारात कोअॅक्सिअल लावला आणि कंपनीचा ट्विटरही तसाच जोडलेला राहिला, तर वरच्या पट्टीत दोन ट्विटर समांतर येतात. आवाज किरकिरा होतो आणि डेकवरचा भार वाढतो. दोघांतला एक काढा.

ब्रँडच्या नावावर फार भांडू नका. पायोनिअर, सोनी, जेबीएल यांचे सुरुवातीचे कोअॅक्सिअल नीट बसवले तर कंपनीच्या स्पीकरपेक्षा कितीतरी बरे वाजतात. हर्ट्झ, फोकल, मोरेल यांच्याकडे वळायचं तर अँपचं बजेट सोबत धरा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे भाव करता येतो, पण नक्कलही तिथेच भेटते. सीलबंद खोकं, पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड यांवर अडून बसा.

आणि दुकानातल्या लाकडी डेमो बोर्डवर ऐकून निर्णय घेऊ नका. तिथे मागे मोठा अँप असतो, बऱ्याचदा सबवूफरही चालू असतो. आधी सबवूफर बंद करायला सांगा, मग तुमच्या फोनवरचं गाणं लावा.

५. कागद आणि हत्यारं

कागद थोडेच लागतात:

- गाडीची वॉरंटी पुस्तिका, त्यात इलेक्ट्रिकल बदलांबद्दल काय लिहिलंय ते वाचा
- विमा पॉलिसीची प्रत
- स्पीकर आणि मजुरीचं जीएसटी बिल

स्वतः करणार असाल तर:

- प्लॅस्टिकच्या पट्ट्या, दाराचं पॅड (आतलं आवरण) उचकटायला (लोखंडी स्क्रूड्रायव्हरने रंग आणि पॅड दोन्ही खरवडतात)
- चौफुली स्क्रूड्रायव्हर आणि १० एमएमचा पाना
- दाराच्या पॅडच्या दहा-बारा जादा क्लिपा
- तुमच्या गाडीच्या मॉडेलचा स्पीकर कपलर (वायर न कापता जोडायचा प्लॅस्टिकचा प्लग)
- अॅडॉप्टर रिंग (दार आणि स्पीकर यांच्यामधली कडी)
- ब्युटाइल शीट (डॅम्पिंगची रबरासारखी चिकट शीट), छोटा रोलर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, फडकं
- फोमची चिकटपट्टी
- मल्टिमीटर आणि एक साधा दीड व्होल्टचा सेल
- जाड हातमोजे, कारण दाराच्या आतल्या पत्र्याची धार बोटं कापते

कपलरबद्दल हट्ट धरा. बाजारात बहुतेक गाड्यांचे मिळतात आणि स्वस्त असतात. 'साहेब, वायर कापून टेप मारतो, काही होत नाही' हे वाक्य ऐकलं की दुसऱ्या दुकानात जा. कंपनीची वायर कापली की इलेक्ट्रिकल वॉरंटीवर सर्व्हिस सेंटर बोट ठेवतं, आणि ती टेप पहिल्या पावसाळ्यात सुटते.

६. दाराचं पॅड काढणं

गाडी बंद, चावी बाहेर, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवलेली. मग काही मिनिटं थांबून कामाला लागा. काही गाड्यांत बाजूच्या धडकेचा दाब ओळखणारा एअरबॅग सेन्सर दारातच असतो. त्याचा कपलर काढू नका आणि त्याच्यावर शीट चिकटवू नका. पिलरचं प्लॅस्टिक काढायची वेळ आली तर आत कर्टन (बाजूने पडद्यासारखी उघडणारी) एअरबॅग आहे का ते आधी तपासा. असेल तर ट्विटरची वायर तिच्या समोरून जाता कामा नये.

स्क्रू लपवलेले असतात: दार उघडायच्या हँडलमागच्या छोट्या झाकणाखाली, दार ओढायच्या खोबणीत, कधी खालच्या कडेला. सगळे निघाल्याची खात्री झाल्यावर खालच्या कोपऱ्यातून क्लिपा एकेक सोडवा, मग पॅड वर उचला. लगेच ओढू नका. मागे काचेच्या बटणांचा कपलर आणि हँडलची केबल असते. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा.

आत पातळ प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट डिंकाने लावलेला दिसेल. पाऊस काचेवरून ओघळून दाराच्या आतच जातो आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतो. ते पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून हा कागद. फाडलात तर जुलैमध्ये पायाखालचा गालिचा ओला मिळेल. ब्लेडने डिंक हळू कापत तो सोडवा.

जुना स्पीकर स्क्रूंवर असेल तर सोपं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत तो रिव्हेट मारून बसवलेला असतो. ड्रिलने रिव्हेटचं डोकं उडवावं लागतं आणि लोखंडाचा चुरा मॅग्नेटला चिकटण्याआधी पुसून घ्यावा लागतो.

७. दार हीच स्पीकरची पेटी

या कामाला घाई करू नका, पूर्ण दिवस द्या.

स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा पुढे दाब आणि मागे पोकळी तयार होते. दोन्ही बाजूंची हवा एकमेकांना भेटली की खालचे सूर आपापसात विरून जातात. घरच्या स्पीकरला लाकडी पेटी असते ती याचसाठी. गाडीच्या दाराच्या आतल्या पत्र्याला मात्र हात जाईल एवढी भोकं आहेत, वर फक्त प्लॅस्टिकचा कागद. डग्ग्याच्या भांड्याला भोक पडलं तर पुडी कितीही चांगली असो, घुमार निघणार नाही. तसंच हे. बरेच जण स्पीकर बदलून 'बास आलाच नाही' म्हणतात त्याचं कारण इथे आहे.

तीन कामं करायची.

पहिलं, बाहेरचा पत्रा. स्पीकरच्या अगदी मागे, हात पोचेल तिथे, पत्रा अल्कोहोलने पुसून दोन मिलिमीटर जाडीची ब्युटाइल शीट लावा आणि रोलरने दाबा, शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत. सगळा पत्रा झाकायची गरज नाही. तिसरा हिस्सा झाकला तरी बोटाने टकटक केल्यावर पत्र्याचा टणटण आवाज ठक्क असा बसका होतो. खालची पाण्याची भोकं मोकळी ठेवा. ती बुजली तर दारात पाणी साठून पत्रा आतून गंजतो.

दुसरं, आतला पत्रा. लहान भोकांवर थेट शीट चालते. मोठ्या भोकावर नुसती शीट लोंबते, म्हणून आधी पातळ अॅल्युमिनियमचा किंवा कडक प्लॅस्टिकचा तुकडा स्क्रूने बसवा आणि कडेने ब्युटाइल लावा. स्क्रूने अशासाठी की उद्या काचेची मोटर बिघडली तर मेकॅनिकला ते उघडता यावं. कुलपाच्या सळ्या आणि केबल मोकळ्या हलतात ना, ते दार बंद-उघड करून बघा.

तिसरं, रिंग. प्लॅस्टिकच्या नाजूक चौकटीऐवजी स्पीकर भक्कम रिंगवर बसायला हवा. दुकानात एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग हमखास पुढे करतात. कोकणात, मुंबईत, गोव्यात ती घेऊ नका. दारातल्या ओलीने एमडीएफ फुगतो आणि स्क्रू सैल होतात. जाड एचडीपीई किंवा एबीएस प्लॅस्टिकची घ्या.

डॅम्पिंगमध्ये एक फसवणूक चालते. गच्चीच्या गळतीवर लावायची डांबरी पट्टी चंदेरी असते, दिसायला तशीच, भाव पाव. उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बंद गाडीत डांबर वितळतं, वास सुटतो आणि पट्टी घसरून काचेच्या यंत्रणेवर पडते. विकत घेताना 'ब्युटाइल' हा शब्द बिलावर लिहून घ्या आणि तुकडा हुंगून बघा, डांबराचा वास लपत नाही.

८. स्पीकर बसवणं आणि पोलॅरिटी

रिंगच्या मागे फोमची पट्टी, रिंग घट्ट, त्यावर स्पीकर. स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. काच हळूहळू पूर्ण खाली आणून मॅग्नेटपासून अंतर बघा, मग वर न्या. या कामापुरती बॅटरी जोडावी लागेल. त्याआधी काचेच्या बटणांचा आणि काढलेला प्रत्येक कपलर परत लावा. एअरबॅग सेन्सरचा कपलर चुकून निघाला असेल तर तोही, नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटून बसतो.

आता प्लस-मायनस. एका बाजूचा स्पीकर उलटा जोडला गेला तर डावा कोन पुढे जाताना उजवा मागे येतो आणि बास गायब होतो. नवे स्पीकर जुन्यांपेक्षा वाईट वाटतात. वायरच्या रंगावर विसंबू नका. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टर्मिनलला क्षणभर टेकवा: कोन बाहेर आला की सेलचा प्लस ज्या टर्मिनलवर आहे तो प्लस. जुन्या स्पीकरच्या कपलरवरही हेच करून गाडीकडची कुठली वायर प्लस आहे ते कळतं. मल्टिमीटरवर चार ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.७ च्या आसपास दाखवतो. शून्य किंवा अनंत दाखवला तर जोडणीत घोळ आहे.

पॅड लावण्याआधी स्पीकरच्या कडेने जाड फोमची गोल पट्टी लावा, जाळीला टेकेल एवढी. नाहीतर अर्धा आवाज पॅडच्या आतच फिरतो आणि तिथलं प्लॅस्टिक हलवतो.

९. सूर लावणं

सगळं शून्यावर ठेवून सुरू करा. ऐकायला तुमच्या कानांत मुरलेलं काहीतरी घ्या: भरदार पुरुषी आवाजातला ख्याल, तबला-डग्गा स्वच्छ ऐकू येणारी भजनं, ढोलकी-झांजांची लावणी. पुरुषी आवाज छातीतून आला पाहिजे. नाकातून आला तर मधल्या पट्टीत गडबड आहे.

डेकमध्ये 'हाय पास' (ठरावीक सुराखालचा आवाज अडवणारी सेटिंग) असेल तर ८० हर्ट्झवर लावा. ६.५ इंची कोनला त्याखालचं काम झेपत नाही, उगाच पुढे-मागे हेलपाटतो आणि बाकीचा आवाजही गढूळ करतो. कंपनीच्या डेकमध्ये ही सोय सहसा नसते. मग प्रत्येक दाराच्या स्पीकरला सीरिजमध्ये ४७० मायक्रोफॅरॅडचा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर लावला की चार ओहमवर साधारण ८५ हर्ट्झच्या खालचा भाग उतरायला लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात मिळतो. साधा पोलर कपॅसिटर लावू नका.

मग आवाज वाढवत जा आणि फाटायला लागतो तो आकडा लक्षात ठेवा. त्याच्या दोन-तीन घरं खाली तुमची मर्यादा. स्पीकर जास्त वॅटने जळतात त्यापेक्षा फाटलेल्या आवाजाने जास्त जळतात, ट्विटर आधी.

१०. अँप हवाच असेल तर

महिनाभर ऐका आणि मग ठरवा. हायवेवर काचा बंद असताना टायरच्या घरघरीवर गाणं मात करत नसेल तर चार चॅनलचा, प्रत्येकी ४०-५० वॅट आरएमएसचा क्लास डी (कमी तापणाऱ्या प्रकारचा) अँप पुरतो. 'हाय लेव्हल इनपुट' (डेकच्या स्पीकर तारांतूनच आवाज घेण्याची सोय) असलेला घ्या, म्हणजे कंपनीचा डेक बदलावा लागत नाही.

बॅटरीपासून येणाऱ्या जाड तारेचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. अँपजवळ लावलेला फ्यूज अँपला वाचवतो. मधे तार घासून बॉडीला टेकली तर आग लागते ती बॅटरीकडच्या बाजूला. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) तार नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवरची रबरी कडी) असलाच पाहिजे. आणि तार तांब्याचीच आहे का ते टोक ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी दिसली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. तयार किटमध्ये हेच सर्रास असतं.

११. बिल, विमा, जुने स्पीकर

बाहेरून लावलेली सिस्टीम विमा कंपनीला कळवली नसेल तर चोरी किंवा अपघातात तिचे पैसे मिळत नाहीत. गाडीच्या विम्यात यासाठी आयएमटी २४ नावाचं कलम आहे, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक सामानासाठी. जादा प्रीमियम सामानाच्या किमतीच्या ४ टक्के. दहा हजारांच्या स्पीकरला वर्षाला चारशे रुपये आणि वर कर. नूतनीकरणाच्या वेळी बिलाची प्रत देऊन ते जोडून घ्या. फक्त दोन कोअॅक्सिअल असतील तर मी ही कटकट करत नाही. अँप आणि सबवूफर असेल तर करावी.

काढलेले कंपनीचे स्पीकर 'डावा', 'उजवा' असं लिहून, स्क्रू आणि उरलेल्या क्लिपांसकट खोक्यात भरून माळ्यावर टाका. गाडी विकताना चांगले स्पीकर काढून पुढच्या गाडीत नेता येतात, आणि कपलर न कापल्यामुळे जुने तासाभरात परत बसतात. नव्या गाडीच्या दारात तेच माप असेल तर फक्त रिंग आणि कपलर बदलावा लागेल. डॅम्पिंग तेवढं जुन्या गाडीबरोबर जाईल.